डावा कोनाडा

बाजारात पोपटी-पांढुरकी, टपोरी भरताची वांगी दिसायला लागली की माझं डोकं फिरतं. जळगावात हे उघड बोलायची सोय नाही. इथं थंडी पडली की माणसं 'कसं काय' विचारायच्या आधी 'भरीत झालं का' विचारतात, आणि नाही म्हणणाऱ्याकडे, घरात कोणी आजारी आहे की काय, अशा नजरेनं बघतात. माझ्या ऑफिसात साठ माणसं आहेत. दर वर्षी त्यातलं कोणीतरी धीर करून माझ्या टेबलापाशी येतं, "मॅडम, एखाद्या शेतात पार्टी करू या ना, सगळे म्हणताहेत." मी म्हणते, जा तुम्ही, खर्च ऑफिसचा, मला काम आहे. सात हिवाळे मला काम होतं. सात हिवाळ्यांत मी भरताचा घास तोंडात घातला नाही, आणि कारण पोटाचं नव्हतं, रागाचं होतं.

हा राग मी जपलेला आहे. लोकांना वाटतं राग आपोआप टिकतो. तसं काही नसतं, त्याच्याकडे रोज लक्ष द्यावं लागतं. सकाळी चहा पिताना मी हेमंतच्या कंपनीचं पान उघडून बघायची, त्याला कोणतं नवं गिऱ्हाईक मिळालं, त्यानं कोणत्या स्टेजवर कोणता कोट घालून भाषण केलं. मग चहा गार व्हायचा आणि मी कामाला लागायची. आमची कंपनी वाढली ती अशी. भाषणात मी जिद्द, चिकाटी वगैरे सांगते. खरं सांगायचं तर ती डूख धरून वाढली.

त्या एका हिवाळ्याचं सांगते. तेव्हा आमचं ऑफिस चौफुलीजवळ टायरच्या दुकानावर, एका खोलीत होतं. दोन कॉम्प्युटर, एक मोडकी फिरती खुर्ची, आणि खालून येणारा रबराचा वास, जो घरी गेल्यावरही ओढणीला यायचा. हेमंत आणि मी इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात एका बाकावर नाही, पण एका वर्गात होतो. पुण्याला जाऊन नोकऱ्या करून, दोघंही कंटाळून परत आलो. आम्ही जे बनवत होतो त्याला क्लाउड सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर म्हणतात. इथं कोणाला सांगितलं की समोरचा मान हलवायचा आणि विचारायचा, "म्हणजे सीसीटीव्ही का?"

नीट समजलं ते फक्त आबांना. आबा म्हणजे हेमंतचे वडील. धरणगावजवळ त्यांचं कपाशीचं शेत, स्वतः सातवी शिकलेले, आणि प्रश्न असे विचारायचे की पुण्याच्या साहेबांना घाम फुटावा. मी त्यांना सांगितलं, आबा, कंपन्यांची सगळी माहिती आता त्यांच्याकडे नसते, दूर कुठंतरी भाड्याच्या मोठ्या गोदामात ठेवलेली असते. गोदाम पक्कं असतं, पण आपल्या गाळ्याचं दार आपणच लावायचं असतं. लोक विसरतात. आमचं सॉफ्टवेअर दिवसरात्र फिरून सगळी कुलपं ओढून बघतं.

"म्हंजे माल आपला, गोदाम दुसरानं," आबा म्हणाले, "आनि दरवाजा उघडा राही गया का तुम्ही बोंब मारतस."

एवढंच. पुढं आम्ही लाखभर रुपये देऊन आमच्या कामाचं वर्णन लिहून घेतलं, ते याच्यापेक्षा वाईट होतं. आजही नवीन मुलं कामावर आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच शिकवते. कुलूप लावलं म्हणजे लागलं असं समजायचं नाही. ओढून बघायचं. एकदा नाही, दोनदा.

आबांच्या शेतातल्या विहिरीशेजारी मोटारीची खोली होती. खोलीत पाण्याचा माठ, दोन पेले, एक खाट. दाराला भलंमोठं कुलूप, आणि चावी दाराच्या डाव्या हाताला भिंतीतल्या कोनाड्यात. वाटेनं जाणारा कोणीही यायचा, कोनाड्यात हात घालायचा, कुलूप उघडून पाणी प्यायचा, कुलूप लावून चावी परत ठेवायचा. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा पोट धरून हसले. म्हटलं, आबा, मग कुलूप कशाला लावता? आबांना प्रश्नच कळला नाही. "कुत्रा घुसतस ना मझार," ते म्हणाले. "आनि तहानेला माणूसले काय ईचारत बसानं?"

भरताचा दिवस त्या हिवाळ्यात पौषातला होता. आबा बाजारातून स्वतः वांगी निवडून आणायचे. एकेक वांगं हातात घेऊन अंगठ्यानं सावकाश फिरवायचे, देठापासून खालपर्यंत. सुईच्या अग्राएवढं छिद्र दिसलं की बाजूला. बाहेरून वांगं कितीही तुकतुकीत असलं तरी छिद्र आहे म्हणजे आत अळी आहे. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटायचा, त्यात वांगी काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची. धूर डोळ्यांत जायचा, कोणी खोकायचं, कोणी हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर टाकायचं की सगळेच खोकायचे. मग सालं काढून लाकडी बडगीत मुसळीनं ठेचायचं, आणि वरून लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तेल सुटलेलं भरीत घेऊन बांधावर बसलं की बोटांना काजळी, ओठांना तेल आणि नाकाला धूर. त्याच्यापुढं मला अजून कोणत्याही हॉटेलचं जेवण चांगलं वाटलेलं नाही, ही त्या रागातली सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट.

त्या दिवशी जेवून झाल्यावर हेमंतनं बांधावर लॅपटॉप उघडला. आदल्या आठवड्यात आम्हाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं, धुळ्याची एक रक्ततपासणीची लॅब. तिथल्या डॉक्टर मॅडमचे हजारो पेशंटांचे रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले आम्हाला सापडले होते, आणि आम्ही ते बोभाटा न करता त्यांना जाऊन सांगितलं म्हणून त्यांनी आम्हाला काम दिलं होतं. आमच्या पडद्यावर गिऱ्हाईकाच्या प्रत्येक दारासाठी एक दिवा होता. बंद दाराला हिरवा, उघड्याला लाल. आबा बराच वेळ ते दिवे बघत बसले. मग म्हणाले, "हाई माले रोज दिसी का?"

हेमंत माझ्याकडे बघून हसला. "देऊ ना," म्हणाला. तिथंच, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी आबांच्या नावाचं खातं उघडलं. नुसतं बघण्यापुरती परवानगी देण्याची सोय तेव्हा आम्ही बनवलेलीच नव्हती, म्हणून आबांना सगळ्याच दारांची चावी मिळाली. आणि दर नव्या गिऱ्हाईकाकडे हे खातं आपोआप तयार व्हावं म्हणून मी मूळ प्रोग्रॅममध्येच एक ओळ लिहून टाकली. पासवर्ड काय ठेवायचा, मी विचारलं. आबांनी मोटारीच्या खोलीकडे हात केला. मग तोच ठेवला. डावाकोनाडा. सुरक्षा विकणाऱ्या कंपनीनं आपल्या पहिल्याच महिन्यात घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी भिंतीत कोनाडा ठेवला. हे आमच्याकडेच होऊ शकतं.

आणि त्या कोनाड्यानं आम्हाला तारलंही. आबा पहाटेच उठणारे. सकाळी सहाला गाईचं आटोपलं की मोबाईल उघडून दिवे बघायचे. एका सकाळी त्यांचा फोन आला, "सुवर्णा, धुळं लाल व्हई गयं वं बेटा." मी अंथरुणातून उठून बघते तर खरंच लॅबच्या कोणा नव्या माणसानं एक दार सताड उघडं ठेवलं होतं. लॅब उघडायच्या आत ते बंद झालं. मॅडमनी ही गोष्ट दहा ठिकाणी सांगितली. त्या दहा जणांतून चाळीसगावचं एक हॉस्पिटल आलं, नाशिकच्या दोन लॅब आल्या, मग कोणाच्या तरी भावाची दुबईतली कंपनी आली. दोनाचे आम्ही सात झालो. टायरच्या दुकानावरची दुसरी खोली घेतली. आबा रोज सकाळी सगळे दिवे बघायचे, आणि सगळे हिरवे असले तर फोन करायचे नाहीत. त्यांचा फोन न येणं म्हणजे दिवस चांगला.

पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीला पुन्हा एक भरीत झालं. हेमंतनं दोनदा मागून घेतलं. माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. म्हणाला, "सुवर्णा, पुढच्या वर्षी इथं पन्नास पानं बसतील बघ." मला ते वाक्य आवाजासकट पाठ आहे. कारण तोपर्यंत पुण्यात त्याच्या एकट्याच्या नावावर कंपनी निघालेली होती. ते मला कळलं पंधरा दिवसांनी, तेही धुळ्याच्या मॅडमच्या फोनवरून. "तुमच्या पुण्याच्या ऑफिसातले लोक येऊन गेले हो," त्या आनंदानं सांगत होत्या. "नवीन करार केला त्यांच्याशी. छान वाढताय!"

आमचं पुण्यात ऑफिस नव्हतं.

आमच्या सातांतले तीन त्याच्याबरोबर गेले. प्रोग्रॅम शब्दन्‌शब्द गेला, गिऱ्हाईकांची यादी गेली. आमच्यात लेखी काही नव्हतं. भागीदारी ठरली होती बांधावर, भरीत खाताना, आणि घरच्यासारख्या माणसाकडून कागद लिहून घ्यायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं मला वाटलं होतं. वकिलांनी कपाळाला हात लावला. त्याहून वाईट म्हणजे, निघून गेल्यावरही पंधरा दिवस हेमंत आमच्याच सिस्टीममध्ये येऊन सावकाश सगळं उचलून नेत होता, कारण त्याची चावी काढून घ्यायचं आम्हाला कोणाला सुचलंच नाही. जगाची कुलपं ओढून बघणारे आम्ही, आणि आमच्याच घरातून त्यानं असं धुऊन नेलं.

हे लक्षात आलं त्या आठवड्यात मी बसले आणि एकेकाची चावी काढली. गेलेल्यांची, राहिलेल्यांची, माझी स्वतःचीसुद्धा बदलली. यादीच्या शेवटी आबांचं नाव होतं. मी थांबले नाही. हेमंतचे बाप ना ते? मग झालं. खातं बंद केलं, प्रोग्रॅममधली ती ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"बेटा, मना बठ्ठा दिवा काबर बंद व्हई ग्यात?"

मी म्हणाले, "आबा, सगळ्याच दिव्यांची दुरुस्ती चालू आहे."

"बरं बरं," ते म्हणाले. "व्हयनी का सांग."

मी कधीच सांगितलं नाही. मग हेमंतनं त्यांच्या मोबाईलवर आपलं काहीतरी बसवून दिलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण दर पौषात न चुकता फोन यायचा. "भरीत खावाले ये. यंदा वांगा चांगला ऊनात." आणि मी म्हणायची, आबा, काम आहे.

काम होतंच. तीन माणसांनी मी पुन्हा सुरुवात केली. हेमंतकडे एक गिऱ्हाईक गेलं की मी दोन आणायची, ते जमेपर्यंत झोप नाही. आमच्याकडे आता नियम असा की नोकरी सोडणारा जिना उतरायच्या आत त्याच्या सगळ्या चाव्या बंद झालेल्या असतात. लोक म्हणतात मॅडम कडक आहेत. म्हणू देत. रिंगरोडवर दोन मजल्यांचं ऑफिस झालं, सिंगापूरला आणि जर्मनीला गिऱ्हाईकं झाली. धुळ्याला शाखा काढायची वेळ आली तेव्हा मी जागा कुठं घेतली? त्या लॅबच्या बरोबर समोर. भाडं जास्त होतं, पार्किंग नव्हतं. पण मॅडम खिडकीत आल्या की त्यांना आमची पाटी दिसलीच पाहिजे, एवढ्यासाठी. आता मॅडमच्याही अकरा शाखा झाल्या होत्या, आणि प्रत्येक शाखेत हेमंतचं सॉफ्टवेअर. म्हणजे माझंच, नाव बदललेलं. ते मी छातीठोकपणे म्हणू शकत होते, दाखवू शकत नव्हते.

पाटीनं शेवटी काम केलं. या वर्षी दिवाळी झाल्यावर मॅडम रस्ता ओलांडून स्वतः आमच्या शाखेत आल्या. त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळायचं होतं, आणि हॉस्पिटलची अट होती की तुमची सुरक्षा तिऱ्हाईताकडून तपासून आणा. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मी तिऱ्हाईत नाही, मला त्या माणसाचा राग आहे. मॅडम हसल्या. "म्हणूनच आले. तुम्ही काही सुटू देणार नाही."

रीतसर पत्र झालं, परवानगी झाली. तपासणीला मी कोमलला बसवलं, आमच्याकडची सगळ्यांत चोख मुलगी. तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. "मॅडम, यांच्याकडे एक खातं आहे. सगळ्या दारांची परवानगी आहे, पण माणूस कुठल्याच यादीत नाही. हे आबा कोण?"

मी तिच्या खुर्चीत बसले. मी पासवर्ड टाकला. डावाकोनाडा. आणि दार उघडलं.

त्या क्षणाबद्दल मी खोटं लिहिणार नाही. मला इतका आनंद आयुष्यात दोन-तीनदाच झाला असेल. हेमंतनं माझा प्रोग्रॅम उचलला तो त्या ओळीसकट उचलला होता. सात वर्षं त्याच्या कंपनीच्या पोटात माझ्या हातची ओळ बसून होती. चोरीचा याहून धडधडीत पुरावा नव्हता, आणि गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं याहून भयंकर छिद्र नव्हतं. बहुधा त्याच्या प्रत्येक गिऱ्हाईकाकडे हाच कोनाडा असणार होता. मी कोमलला चहा सांगायला लावला.

मग कोमलनं त्या खात्यातून कोण कधी आत आलं त्याची नोंद काढली. पानंच्या पानं होती. रोज सकाळी सहा, सहा वाजून दोन मिनिटं, सहा वाजून पाच. आत यायचं, दिव्यांचं पान बघायचं, जायचं. एकाही पेशंटचा रिपोर्ट उघडलेला नाही, एकाही दाराला हात लावलेला नाही. सात वर्षांत त्या छिद्रातून आत शिरलेला एकच माणूस होता, आणि तो दिवे बघून परत जात होता. त्या दिवशी सकाळचीही नोंद होती.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. हेमंतला एक फोन. त्यानं पाच मिनिटांत सगळीकडचं खातं बंद केलं असतं, मॅडमचं काम झालं असतं, आबांना कोणी काही विचारलं नसतं. मी तो फोन केला नाही. मी तीन दिवस बसून अहवाल लिहिला. कोमल लिहीत होती ते मी तिच्याकडून काढून घेतलं. पहिल्याच पानावर, क्रमांक एक, अतिगंभीर. खात्याचं नाव, आबा. खातं कोणी तयार केलं, कोणत्या वर्षी, मूळ प्रोग्रॅम कोणाचा. सोबत नोंदींचा तक्ता, रोजच्या वेळांसकट. सूचना, सदर खाते तात्काळ बंद करावे आणि सदर व्यक्तीची चौकशी करावी. एकेक शब्द मी दहा वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. सगळं खरं होतं. कायद्यानं, नियमानं, कर्तव्यानं, कुठूनही बघा, बरोबरच होतं. कर्तव्याच्या आडून सूड घेता आला तर माणूस किती नीटनेटकं लिहितो.

मॅडमनी करार मोडला. बाकीच्या लॅबवाल्यांना त्यांनीच सांगितलं असणार, कारण पुढच्या महिन्याभरात हेमंतची बरीच गिऱ्हाईकं हलली आणि त्यातली निम्मी आमच्या जिन्यावर आली. मी नव्या माणसांच्या मुलाखती घेत होते तेव्हा त्याचा फोन आला. सात वर्षांनी पहिला.

"मला एक फोन करू शकली असतीस," तो म्हणाला.

"तूही करू शकला असतास. सात वर्षांपूर्वी."

मग म्हणाला, "निदान आबांचं नाव तरी गाळायचं."

"ते तू गाळायला पाहिजे होतंस. तुझ्या प्रोग्रॅममध्ये होतं ते. तुला सात वर्षांत दिसलं नाही?"

"दिसलं ना. चार वेळा त्या ओळीवर आलो," हेमंत म्हणाला. "काढवली नाही. सकाळी उठून ते पहिलं तेच बघतात. तू काढली होतीस का?"

मी फोन ठेवला. पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं, त्याला काय विचारलं ते आठवत नाही.

मला पश्चात्ताप झाला असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. त्यानं केसानं गळा कापला होता आणि मी त्याला त्याच्याच ताटात वाढून दिलं. आजही तो फोन मी करणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी जागी होते, आणि मोबाईल हातात होता, मागच्या वेळी दिवे गेल्यावर आबांनी याच वेळेला विचारलं होतं म्हणून. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आला तो पौष लागल्यावर. आवाज तोच. "भरीत खावाले ये." पण वांगी कशी आली आहेत ते या वेळी त्यांनी सांगितलं नाही. आणि मी काम आहे म्हणाले नाही.

गाडी मी स्वतः चालवत गेले. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या उभ्या काड्या, कुठं कुठं धूर. शेतात आबा एकटेच होते. पन्नास पानं सोडा, दोनच पानं होती. आबा सात वर्षांत निम्मे झाले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता. वांगी त्यांनी भाजून ठेवली होती. आम्ही सालं काढत बसलो. बोटांना चटके बसत होते. मी पहिला घास घेतला. चव जशीच्या तशी होती, त्यात काही बदल नव्हता, याचाही मला राग आला.

"हेमंत सांगे," आबा ताटाकडे बघत म्हणाले, "मना नाववरथून कोनी बी लोकसना घरमा घुसू शकस. खरं शे का?"

मी म्हणाले, "हो आबा. तसं होऊ शकलं असतं."

"मनं नाव म्हंजे भोक व्हई गयं का वं मंग?"

त्यांनी ते रागानं विचारलं नाही. कपाशीला कोणती फवारणी करू, असं विचारावं तसं विचारलं. मला खूप काही सांगता आलं असतं, खात्याचं, परवानग्यांचं, नियमाचं. मी मिरची चावली. जिभेपासून कानापर्यंत जाळ झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बरं झालं, त्याला कारण मिळालं.

"पहिले मना दिवा तू बंद करात," आबा म्हणाले, "आते त्यानी करात. मी काही ईचारत नही. तुमना काममा तुम्हले समजस."

म्हणजे दुरुस्तीचं त्यांना तेव्हाच कळलं होतं. सात वर्षं कळलेलं होतं, आणि सात वर्षं ते भरताला बोलावत होते.

मला पाणी हवं होतं. मी उठले आणि मोटारीच्या खोलीशी गेले. कुलूप तेच होतं, भलंमोठं. सवयीनं डाव्या कोनाड्यात हात घातला. हाताला धूळ लागली. पुन्हा चाचपलं, अगदी कोपऱ्यापर्यंत. काही नव्हतं. धुळीत चावीच्या आकाराची जागा तेवढी स्वच्छ होती.

मागून आबा आले. सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला, दोऱ्यात ओवलेली चावी काढली.

"आते मनाजोडेच ऱ्हास," ते म्हणाले. "तूच त शिकाडं ना बेटा."

त्यांनी कुलूप उघडलं. मी माठातून दोन पेले पाणी प्याले, थंडगार. बाहेर आले तेव्हा वाटेनं डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई येत होती. ती सवयीनं वळली, आम्हाला बघून थबकली, कुलपाकडे बघितलं, आणि तशीच पुढं निघून गेली. आबांनी दार लोटलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग पुन्हा एकदा ओढून बघितलं.